वर्तणुकीचा दाखला

तीन कागद लागत होते. दोन परशुरामकडे होते.

पहिला मॅट्रिक पास झाल्याचा. तो त्याला तिसऱ्या खेपेला मिळालेला, कारण शाळा सोळाव्या वर्षी सुटलेली आणि पुढचं सगळं त्यानं घरी बसून, उसन्या पुस्तकांवर केलेलं. दुसरा वयाचा. तिसरा चालचलणुकीचा, आणि तोच अडलेला. गावच्या पाटलानं लिहून द्यायचं की हा माणूस चांगल्या वर्तणुकीचा आहे. आणि अर्जाच्या फॉर्मखाली कायदा शिकवणाऱ्या एखाद्या प्रोफेसरानं सही करायची की मी याला ओळखतो, पाटील म्हणतो ते खरं आहे. हे तिन्ही कागद आणि भरलेला फॉर्म शनिवारी संध्याकाळच्या आत मुंबईला लॉ क्लासच्या कचेरीत पोचले पाहिजेत.

आज गुरुवार होता. डिसेंबर महिना, साल अठराशे एकोणनव्वद.

वर्ष गेलं तर पुढच्या वर्षी बघू, असंही नव्हतं. पुढच्या वर्षापासून बी.ए. झाल्याशिवाय कोणाला वर्गात घ्यायचं नाही असं ठरलेलं. नुसत्या मॅट्रिकवाल्यांना ही शेवटची संधी होती. परशुरामनं बी.ए. कुठून करायचं? डोंबिवलीच्या खाली खाडीकाठचं पन्नास उंबऱ्यांचं गाव, सगळे मिठागरात राबणारे. गावातून मॅट्रिक झालेला तो पहिला. कल्याणच्या कोर्टात तो नकला उतरवायचं काम करायचा. कोणी अर्ज दिला, निकाल झाला, की त्याच्या प्रती काढायच्या. अक्षर मोत्यासारखं.

त्या अक्षरामुळेच भाऊसाहेब टिपणिसांची ओळख झाली. भाऊसाहेब ठाण्याचे जुने वकील. तीन वर्षांपूर्वी त्यांना मुंबईच्या लॉ क्लासात प्रोफेसर म्हणून नेमलं. राज्य कोणत्या कायद्यानं चालतं, राजानं काय करायचं आणि काय करायचं नाही, हा त्यांचा विषय. त्यांचं स्वतःचं अक्षर त्यांना स्वतःला वाचता यायचं नाही. म्हणून दर रविवारी परशुराम ठाण्याला जाऊन त्यांची व्याख्यानं नीट उतरवून काढायचा. दोन वर्षं. उतरवता उतरवता अर्धं पाठ झालं. एकदा चुकून एक ओळ जास्त लिहिली गेली तेव्हा त्यानं चाकूनं शाई खरवडायला घेतली. भाऊसाहेबांनी त्याचा हात धरला. म्हणाले, कायद्याच्या कागदावर खरवडायचं नाही, गिरगटायचं नाही. चुकलं तर एकच रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला आपली आद्याक्षरं. आपण काय लिहिलं होतं आणि काय बदललं, दोन्ही दिसलं पाहिजे.

तर पाटलाचा कागद.

गोविंदा पाटलाला लिहिता येत नव्हतं. गावातली सगळी लिखापढी परशुरामच करायचा, पण स्वतःच्या चांगुलपणाचा दाखला स्वतःच कसा लिहिणार? म्हणून पाटलानं आपल्या भाच्याला, रघुला, बसवलं. रघु चार बुकं शिकलेला. बुधवारी दुपारी चावडीत दार लावून मामा-भाचे तासभर बसले. परशुराम बाहेर उभा. आतून पाटलाचा आवाज यायचा, असं लिही, तसं नको, हे पण घाल. शेवटी लाख वितळवून, वर गावचा शिक्का उठवून, पाटलानं पाकीट त्याच्या हातात ठेवलं. तो म्हणाला की असा दाखला अख्ख्या ठाणे जिल्ह्यात कोणाला मिळाला नसेल.

गुरुवारी सकाळी ओहोटी लागली तशी भिवाकाकानं होडी सोडली. पाण्याच्या ओढीबरोबर गेलं की ठाण्याचं बंदर तीन तासांत गाठायचं. भिवा म्हणजे परशुरामचा सख्खा चुलता. मिठागरात खाडीचं पाणी कधी आत घ्यायचं आणि कधी अडवायचं, हे गावात त्याच्याइतकं कोणाला कळायचं नाही. बोलायला कमी. पण त्या दिवशी त्याच्या पोटात काहीतरी मावत नव्हतं. मुंब्र्याचा डोंगर दिसायला लागला तेव्हा तो हसला.

"पाटलानं काय लिवलंय, ठाव हाय तुला?"

"नाही. सीलबंद आहे."

"मना ठाव हाय. मीच सांगलां त्याला, ती गोष्ट घाल म्हनून. ती सात दिवसांची."

परशुरामच्या हातात पाकीट होतं. ते त्याला एकदम जड वाटायला लागलं.

सात दिवसांची गोष्ट अशी. सरकारच्या पासाशिवाय मीठ मिठागराबाहेर काढायचं नाही, असा कायदा. पण हंगाम संपताना प्रत्येक घरानं एक टोपली मीठ घरी न्यायचं, हा गावाचा रिवाज कायद्याच्याही आधीचा. सहा वर्षांपूर्वी वैशाखात मीठ खात्याच्या शिपायांनी भिवाला होडीतल्या टोपल्यांसकट पकडलं. नाव लिहून घेतलं, तारीख दिली. तारीख पडली ऐन उधाणात. शेवटचं मीठ अजून आगरात, पाऊस तोंडावर आणि पाणी अडवणारा माणूस कोर्टात गेला तर वर्षाची कमाई खाडीत. अशा वेळी गावाची एक पद्धत होती. नाव एकाचं, दिवस दुसऱ्याचे. ज्याच्यावाचून काम अडत नाही त्यानं जायचं आणि पकडलेल्याच्या नावानं उभं राहायचं. त्या वर्षी ज्याच्यावाचून काहीच अडत नव्हतं असा एकच होता. सुट्टीत घरी आलेला, सोळा वर्षांचा परशुराम.

ठाण्याच्या कोर्टात पुकारा झाला, भिवा हाजीर है. परशुराम पुढे झाला. मॅजिस्ट्रेटनं मान वर केली नाही. त्या दिवशी मिठाचे अठरा खटले होते. गुन्हा कबूल? कबूल. सात दिवस. पुढचा.

गावाच्या दृष्टीनं यात लपवण्यासारखं काही नव्हतं. मिरवण्यासारखं होतं. जो दुसऱ्याच्या नावावर जाऊन आला त्याला पुढे होळीला पहिला नारळ मिळायचा. तेव्हा चांगल्या वर्तणुकीचा दाखला लिही म्हटल्यावर पाटलाला दुसरं काय सुचणार?

"काका, कोर्टात दुसऱ्याच्या नावावर उभं राहणं हा गुन्हा आहे," परशुराम म्हणाला. "मिठापेक्षा मोठा."

भिवानं वल्हं थांबवलं. होडी आपोआप पुढे जात राहिली. मग तो म्हणाला की पाकीट पाण्यात टाक, पडलं म्हणून सांगू.

परशुरामनं विचार केला नाही असं नाही. हात काठाच्या बाहेर गेलासुद्धा. पण पाटलाच्या दाखल्याशिवाय भाऊसाहेबांकडे जाऊन करायचं काय? सील फोडून वाचावं तर फुटलेल्या सीलाचा कागद कोण घेणार? परत फिरावं तर ओहोटीच्या उलट होडी जायची नाही. आणि भाऊसाहेब शुक्रवारी दुपारी मुंबईला जाणार होते, कागद स्वतः नेणार होते. त्यानं हात आत घेतला.

भाऊसाहेबांचं घर तलावाच्या काठाला. भिवा कधीच आत यायचा नाही, ओटीच्या पायरीवर बसायचा. परशुराम आत गेला, पाकीट टेबलावर ठेवलं आणि काही बोलायच्या आत भाऊसाहेबांनी सील फोडलं. चष्मा सावरला. रघुची मोडी वाचायला त्यांना जरा वेळ लागला. मग ते मोठ्यानं वाचायला लागले, नेहमीसारखं, व्याख्यान वाचावं तसं.

"परशुराम, वय बावीस, आमचे गावचा राहणारा. दारू पीत नाही. खोटे बोलत नाही. सहा वर्षांमागे मिठाचा खटला झाला तेव्हा गावचा खोळंबा होऊ नये म्हणून आपला चुलता भिवा याचे नावावर उभा राहून..."

इथं आवाज खाली आला. पुढचं त्यांनी मनात वाचलं. कागद उलटा ठेवला. उठून खिडकीशी गेले. तलावावर बायका कपडे धूत होत्या, त्यांच्या धोपटण्याचा आवाज येत होता.

परशुरामनं मग सगळं सांगितलं. अडखळत, पण सगळं. दोन वर्षं सांगायचं राहून गेलेलं, तेही.

"मला माहीत होतं," भाऊसाहेब खिडकीकडेच बघत म्हणाले. "त्या खटल्यात तुमच्या गावचा वकील मीच होतो. विसरलास?"

तो विसरला नव्हता. त्या काळ्या डगल्यातला माणूस बघूनच तर त्याला वकील व्हायचं सुचलेलं. पण त्या गर्दीत आपल्याकडे त्यांनी पाहिलं असेल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"मी पाय पाहिले," भाऊसाहेब म्हणाले. "मिठागरातल्या माणसाच्या टाचा खारानं उललेल्या असतात. बोटांतलं कातडं पांढरं पडतं. समोर उभा होता त्याचे पाय शाळेत जाणाऱ्याचे होते. मॅजिस्ट्रेटनं मान वर केली नाही, आणि मी तोंड उघडलं नाही. सात दिवसांचा तर प्रश्न आहे, म्हटलं."

एवढं बोलून ते टेबलाशी आले आणि एकदम वकील झाले. हा कागद कोणाच्या नजरेला पडता कामा नये. भरतीबरोबर परत जायचं, पाटलाकडून नवा दाखला आणायचा. दोन ओळी, वर्तणूक चांगली, बाकी काही नाही. उद्या सकाळच्या ओहोटीला निघालास तर बारापर्यंत पोचशील, मी दोनच्या गाडीनं जाणार आहे. आणि फॉर्म इथंच भरून टाक.

फॉर्म इंग्रजीत होता. रकाना सहा. अर्जदाराला कोणत्याही फौजदारी कोर्टात कधी शिक्षा झाली आहे काय?

"नाही, असं लिही," भाऊसाहेब म्हणाले. "शिक्षा भिवाला झाली. तुझ्या नावावर काही नाही. कागदोपत्री हे खरं आहे."

परशुरामनं टाक शाईत बुडवला. बुडवून तसाच धरला. शाईचा थेंब दौतीत परत पडला.

ओटीवरून भिवा कधी आत आला ते कळलं नाही. दाराच्या चौकटीत उभा होता, मुंडासं हातात. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्याचं म्हणणं साधं होतं.

"भावसाहेब, ते सात दिवस माजे हायत. मी जाऊन बसतो. मंग तर फिटलं ना?"

भाऊसाहेबांनी त्याला खुर्ची दाखवली, तो बसला नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं. असे मागचे दिवस भोगायची सोय कायद्यात नाही. खोट्या नावानं कोर्टात उभं राहिल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. उभा राहिला त्याला, आणि ज्यानं उभं केलं त्यालाही.

भिवानं ते ऐकून घेतलं. तीन वर्षं म्हणजे तीन हंगाम. मग त्यानं विचारलं, अगदी मऊ आवाजात.

"आनि ज्यानं बघलं नि गप बसला, त्या वकिलाला?"

भाऊसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांची तीन वर्षांची नेमणूक मार्चमध्ये संपत होती. पुढची मिळणार की नाही ते महिन्याभरात ठरणार होतं. त्या जागेवर डोळा ठेवून दोन बॅरिस्टर बसलेले. भर कोर्टात तोतया उभा असताना गप्प राहिलेला वकील मुलांना कायदा शिकवतो, एवढं बाहेर पडलं असतं की नेमणूक सोडा, वकिलीची सनदही गेली असती.

हे परशुरामला कळत होतं. भिवाकाकाचं कळत होतं. स्वतःचं तर कळतच होतं. सगळ्यांची मान त्या एका रकान्यात अडकलेली. "नाही" लिहिलं की सगळे सुटत होते. पण वकील व्हायला निघालेल्या माणसाचा पहिलाच कागद, आणि त्यात पहिलंच खोटं. आणि तेही ज्यानं हा कागदाचा धर्म शिकवला त्याच्या समोर बसून.

त्यानं टाक टेकवला आणि लिहिलं, "होय." पुढे लिहिलं, "सात दिवस, साधी कैद, ठाणे, मे १८८३, मिठाबद्दल."

बस. कोणाचं नाव नाही.

भाऊसाहेबांनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "अरे, हे काय केलंस तू?"

परशुराम म्हणाला की रकाना विचारतो शिक्षा झाली का, झाली. कोणत्या नावानं झाली असं रकाना विचारत नाही. विचारलं तर सांगेन. मिठाच्या टोपलीसाठी भोगलेले दिवस म्हणजे वाईट वर्तणूक असं त्यांना वाटलं तर न घेऊ देत. पण मी भोगले ते भोगले.

"ते ठाण्याला लिहून विचारतील," भाऊसाहेब म्हणाले. "दफ्तरात परशुराम सापडणार नाही. त्याच तारखेला, त्याच गावचा भिवा सापडेल. एखाद्या चलाख कारकुनानं ताडून पाहिलं तर? आपण तिघं गेलो." थोडं थांबून ते म्हणाले, "मी यावर सही करीन असं धरून चालू नकोस."

भरतीबरोबर होडी परत निघाली. कोपरच्या वळणावर परशुरामनंच विचारलं, काका, तुझ्या मानेवर सुरी ठेवली का मी? भिवा वल्हं मारत राहिला. म्हणाला, "लिवलास ते बरा केलास. दिवस तू काडलेस. नाय कसा म्हनशील?"

पाटलाची समजूत घालणं मात्र कठीण गेलं. आपल्या आयुष्यातला सगळ्यात चांगला कागद परत आलेला बघून पाटील चावडीतून उठूनच गेला. म्हणायला लागला की जे चांगलं ते काढून टाकायचं आणि वर चांगला म्हणून लिहायचं, ही कुठली विद्या? दारू पीत नाही असे गावात तेवीस जण आहेत, त्यात काय सांगायचं? शेवटी दिवे लागायच्या आत रघुनं दोन ओळी लिहिल्या आणि पाटलानं तोंड फिरवून शिक्का मारला.

शुक्रवारी वारा पडलेला. ओहोटी मंद. परशुराम आणि भिवा दोघांनी मिळून वल्ही मारली तरी बंदराला लागायला साडेबारा वाजले. तिथून परशुराम धावत सुटला. तलावाशी पोचला तेव्हा दारात टांगा उभा, भाऊसाहेब डगला चढवून पायरीवर. त्यांनी हातातून नवा दाखला घेतला, उभ्या उभ्या वाचला. आत गेले. परशुराम बाहेर उभा राहिला, छातीचा भाता चाललेला. आत एका खोलीत घड्याळ होतं, ते एकचा ठोका देऊन गप्प झालं. भाऊसाहेब सही करायला गेलेत की कागद पेटीत बंद करायला, हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता.

ते बाहेर आले ते एक पाकीट घेऊन. बंद केलेलं. टांग्यात बसले. परशुरामनं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. टांगा हलल्यावर फक्त म्हणाले, "रविवारी येऊ नकोस. निकाल लागेपर्यंत इथं दिसू नकोस."

त्यानंतर तीन आठवडे.

परशुराम कल्याणच्या कोर्टात नकला उतरवायचा, आणि दारात शिपायाचा लाल पट्टा दिसला की टाक थांबायचा. मॅजिस्ट्रेटकडून कोणी आलं का? भिवाला घेऊन गेले का? संध्याकाळी गावात शिरताना पहिल्यांदा बांधाकडे बघायचा. काका पाण्यात उभा दिसला की मग घरी जायचा. एकदा काका दिसला नाही. तो चावडीपर्यंत धावत गेला. काका चावडीमागे विडी ओढत होता. एकदा कोर्टाच्या नाझरानं त्याला हाक मारून विचारलं की ठाण्याहून तुमच्या गावच्या मिठाच्या जुन्या खटल्यांची यादी मागवली आहे, काय भानगड आहे. परशुराम म्हणाला, माहीत नाही. काकाच्या नावानं "कबूल" म्हटल्यापासून एवढं धडधडीत खोटं तो पहिल्यांदाच बोलला. फॉर्मवर नाही बोलला ते इथं बोलून बसला.

जानेवारीच्या पहिल्या सोमवारी पत्र आलं. लॉ क्लासच्या कचेरीचं. कोर्टाच्या आवारात, चिंचेखाली उभं राहून त्यानं ते फोडलं. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. मग गावात जाऊन भिवाला आणि पाटलाला मराठीत करून सांगितलं.

ठाणे मॅजिस्ट्रेटच्या दफ्तरात सदरहू नावाच्या इसमास कोणतीही शिक्षा झाल्याची नोंद आढळत नाही. सबब रकाना सहामध्ये अर्जदाराने दिलेला मजकूर गैरसमजुतीने दिलेला दिसतो. अर्जदाराने सात दिवसांत जातीने हजर राहून तो मजकूर दुरुस्त करावा, म्हणजे त्याचे नाव दाखल करण्यात येईल.

पाटील खो खो हसला. भिवा हसला नाही.

"म्हंजे तू गेलाच नव्हतास?"

"दफ्तरात नाही. दफ्तरात तूच गेलास, काका."

भिवानं आपल्या पायांकडे बघितलं. उललेल्या टाचा, पांढरी बोटं. बराच वेळ बघत राहिला, जणू ते पाय आपल्याला न सांगता ठाण्याला जाऊन आलेत.

परशुराम मात्र त्या रात्री जेवला नाही. खरं लिहिलं म्हणून दार बंद झालं असतं तर त्याला कळलं असतं. इथं दार उघडं होतं, पण उंबऱ्यावर तेच खोटं ठेवलेलं, आणि आता ते लिही म्हणून सरकारच सांगत होतं. नाही लिहिलं तर नाव दाखल नाही. पुढच्या वर्षी तर बी.ए.च.

मुंबईच्या कचेरीतला कारकून बारीक चष्म्याचा, पिकल्या मिशांचा. त्यानं फॉर्म काढून समोर ठेवला. परशुरामनं आधी खाली बघितलं. सही होती. भाऊसाहेबांची, त्यांच्या त्या कोणालाही न वाचता येणाऱ्या अक्षरात. सहीखाली डिसेंबरची तारीख होती, त्याच शुक्रवारची.

म्हणजे घरातच केलेली. घड्याळात एक वाजला तेव्हा.

कारकून म्हणाला, "तीस वर्षं फॉर्म तपासतोय. झालेली शिक्षा लपवणारे पुष्कळ पाहिले. न झालेली सांगणारा पहिलाच. खोडा ते आणि 'नाही' लिहा."

"मी लिहिलंय ते खरं आहे," परशुराम म्हणाला.

"दफ्तरात नाही ते झालं नाही, बाबा. घाई करा, मागे चौघं उभे आहेत. हा घ्या चाकू, खरवडून काढा. नाहीतर कोरा फॉर्म देतो, नवा भरा, म्हणजे डागच राहणार नाही."

कोरा फॉर्म त्यानं समोर सरकवलासुद्धा. स्वच्छ, पांढरा. परशुराम त्याच्याकडे बघत राहिला. मागच्या माणसानं खाकरून दाखवलं. जिन्यावर घंटा झाली, वरच्या वर्गात व्याख्यान सुरू व्हायची वेळ झालेली.

परशुरामनं कोरा फॉर्म परत सरकवला. चाकूला हात लावला नाही. टाक घेतला आणि आपल्या "होय"वरून, सात दिवसांवरून, ठाण्यावरून आणि मिठावरून एकच बारीक रेघ ओढली. सरळ. खालचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. बाजूला आद्याक्षरं घातली. आणि वर लिहिलं, "कचेरीच्या ता. ४ च्या पत्रावरून: नाही."

कारकुनानं फॉर्म डोळ्यांजवळ नेला. रेघ पाहिली, आद्याक्षरं पाहिली, वरची ओळ पाहिली. आपलाच पत्रव्यवहार वर आलेला बघून तो जरा घुटमळला.

"कोर्टात काम करता वाटतं?" कारकून म्हणाला.

"नकला उतरवतो."

कारकुनानं शिक्का मारला.

वरच्या जिन्यात भाऊसाहेब उभे होते. वर्गात जायचं सोडून उभे होते. महिन्याभरात ते म्हातारे झाल्यासारखे दिसत होते. त्यांच्या नेमणुकीचं काय झालं हे परशुरामला ठाऊक नव्हतं, आणि आता विचारायची हिंमतही नव्हती. तो दोन पायऱ्या खाली थांबला.

"काय लिहिलंस?"

त्यानं सांगितलं. अक्षरशः जसं लिहिलं तसं.

भाऊसाहेबांनी डोळे मिटले, उघडले. "खरवडलं नाहीस ना?"

"नाही. एकच रेघ."

"म्हणजे उद्या कोणी वाचू म्हटलं तर वाचू शकेल."

"हो."

भाऊसाहेब थोडा वेळ त्याच्या पायांकडे बघत राहिले. पायांत नवे बूट होते, अंगठ्याशी घट्ट, धावत आल्यामुळे धुळीनं माखलेले. मग त्यांनी काखेतली व्याख्यानाची वही त्याच्या हातात दिली, त्यानंच उतरवून काढलेली.

"आत जा. मागच्या बाकावर बस. ही वही कोणी लिहिली हे इथं कोणाला सांगू नकोस," ते म्हणाले, आणि मग स्वतःशीच मान हलवून, "विचारलं तर सांग."